अंधार पडला की आम्ही निघतो

परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, पोरीला घेऊन रात्रीचे रानात कशाला जाता हो, दिवस नाही का मिळत? प्रश्न साधाच होता, आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता, पण उत्तर द्यायला मला चांगली पंधरा मिनिटं लागली आणि घरी आल्यावर वाटलं की निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय. कुणाच्या तरी घरी आत्ताच रिपोर्ट आला असेल तर त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आमची छोटी ७ वर्षांची आहे, तिचा दादा ११ वर्षांचा. छोटीला झेरोडर्मा पिगमेंटोसम आहे, सगळे एक्सपीच म्हणतात, आम्हीपण. जनुकीय आजार आहे, संसर्ग वगैरे काही नाही. नवरा आणि मी दोघंही वाहक निघालो, म्हणजे दोघांकडे एक एक बिघडलेली प्रत, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही पण प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. दादाच्या वेळी ती चुकली, छोटीच्या वेळी लागली. असं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

होतं काय, तर उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण, म्हणजे यूव्ही, त्वचेवर पडले की पेशीतल्या डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, रोज होतं, पण पेशीमध्ये दुरुस्ती करणारी एक यंत्रणा असते, ती तो खराब तुकडा कापून काढते आणि जागी नवीन बसवते, आपल्याला पत्ताही लागत नाही. छोटीमध्ये ती दुरुस्ती होत नाही. झालेलं नुकसान तसंच राहतं आणि साठत जातं. जपलं नाही तर अशा मुलांना त्वचेचा पहिला कॅन्सर साधारण ८-९ व्या वर्षीच होतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छोटी मांडीवर झोपली होती आणि मी मोबाईल उलटा करून ठेवला होता.

रिपोर्ट आला त्या दिवसांत मी रात्र रात्र वाचत बसायचे. व्हिएन्नाच्या डॉक्टर मोरिट्झ कापोसींनी हा आजार १८७४ मध्ये लिहून ठेवला, पण नक्की बिघडलंय काय हे कळायला १९६८ उजाडलं, जेम्स क्लीव्हर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या पेशींना डीएनएची दुरुस्तीच जमत नाही. आणि ती दुरुस्ती नीट कशी चालते हे उलगडणाऱ्यांपैकी अझीझ सान्जार यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. मला यातलं निम्मं कळत नव्हतं तरी वाचायचे, कारण कुणीतरी शंभर-दीडशे वर्षं माझ्या पोरीच्या आजाराचा विचार करतंय याचाच आधार वाटायचा.

सुरुवात कशी झाली ते सांगते. छोटी ५ महिन्यांची होती, ढगाळ दिवस होता, झाडाखाली चादर टाकून अर्धा तास बसलो असू. त्या रात्री गाल जरा लाल. दुसऱ्या दिवशी जास्त लाल, तिसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद आणि गालावर फोड. लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली होती, हे एक्सपीत होतं हे तेव्हा कुठे माहीत होतं. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी तीन वेळा विचारलं, बाळाला उन्हात किती वेळ ठेवलं होतं. मी तीन वेळा सांगितलं, ऊन नव्हतंच हो, सावलीत होतो. त्यांचा विश्वास बसला नाही, मग उन्हाची ॲलर्जी म्हणून एक क्रीम लिहून दिलं आणि त्यात आमचे सात महिने गेले. त्या डॉक्टरांचं मान हलवणं मी अजून विसरले नाहीये. मागाहून कळलं की असं बऱ्याच आईबापांना ऐकावं लागतं, की तुम्हीच निष्काळजीपणा केलात. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांना एवढंच सांगते, तुमचं खरं होतं. ढगातून यूव्ही येतंच आणि सावलीतसुद्धा आकाशातून, जमिनीवरून परावर्तित होऊन येतंच येतं.

मग घर बदललं. सगळ्या खिडक्यांना यूव्ही अडवणारी फिल्म, कारण उन्हातल्या यूव्हीचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार, साध्या काचेने यूव्हीबी अडतं पण यूव्हीए आरामात आत येतं. गाडीच्या बाजूच्या काचांनाही तेच. ट्यूबलाईट आणि हॅलोजन सगळे काढले, एलईडी लावले. शाळेत एका वर्गाच्या खिडक्यांना फिल्म लावून दिली, तिची इयत्ता आता दरवर्षी त्याच खोलीत भरते. आणि एक हातात मावणारा यूव्ही मीटर घेतला जो आमच्या घरात किल्ल्यांच्या शेजारी खुंटीला असतो. कुठेही जायचं तर आधी मीटर आत जातो, मग छोटी. दुकान, दवाखाना, लग्नाचा हॉल, सगळीकडे. लोक बघतात, बघू देत.

दिवसा बाहेर पडायचं तर पूर्ण झाकून. ऊन अडवणारं क्रीम, दर दोन तासांनी परत क्रीम, हातमोजे, जाड विणीचे कपडे आणि डोक्यावर हूड, ज्याला चेहऱ्यासमोर पारदर्शक फिल्म शिवलेली असते. आत वाफ धरते, घाम येतो, तिचा आवाज बाहेर दबका येतो आणि इतर मुलं काय बोलतायत ते तिला नीट ऐकू येत नाही. ती तक्रार फार करत नाही, पण हूड काढल्यावर केस कपाळाला चिकटलेले असतात आणि ती पहिली दोन मिनिटं काही न बोलता नुसता श्वास घेते.

मी लग्नाआधीपासून डोंगरात जाणारी. नवराही तसाच, आमची ओळखच एका ट्रेकला झाली. दादाला आम्ही १० महिन्यांचा असताना पाठीवर घेऊन फिरलोय. छोटीचा रिपोर्ट आल्यावर मी दोन्ही सॅक माळ्यावर टाकल्या, दोऱ्या कुणाला तरी देऊन टाकल्या, आणि त्या विषयावर घरात बोलायचंच नाही असं न बोलता ठरून गेलं. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी चिडचिडी झाले होते, हे आता कबूल करते. पोरीवर नाही, पण दादावर निघायचं.

सुरुवात परत कशी झाली तर अगदी सहज. छोटी ३ वर्षांची होती, झोपत नव्हती, नवरा म्हणाला चल जरा बाहेर चक्कर मारून आणू. रात्रीचे नऊ वाजलेले. गावाबाहेर एक मोकळं मैदान आहे तिथे गाडी थांबवली, मीटर बाहेर धरला, शून्य. परत धरला, शून्य. मग तिला खाली सोडलं, हूड नाही, मोजे नाहीत, नुसता फ्रॉक. ती धावली नाही काही. उभी राहिली आणि दोन्ही हात गालांना लावून म्हणाली, आई, गार. वारा होता थोडासा. तिला उघड्यावरचा वारा तोंडाला लागलेला आठवतच नव्हता. ती परत परत गालावरून हात फिरवत होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. घरी आल्यावर रात्री बारा वाजता नवऱ्याने माळ्यावरून सॅक काढली.

तेव्हापासून चार वर्षं झाली, आम्ही रात्रीचे चालतो. हे नुसतं टॉर्च घेऊन निघालो असं नाही, म्हणून जरा पद्धत सांगते.

प्रत्येक नवी वाट आधी दिवसा आमच्यापैकी एकजण चालून येतो. कुठे घसरडं आहे, कुठे दरीच्या बाजूला वाट अरुंद होते, पाणी कुठे, गाडीपर्यंत परत यायला लहान पावलांनी किती वेळ लागेल, सगळं वहीत. रात्री अनोळखी वाट आम्ही कधीच करत नाही, कितीही सोपी म्हणून कुणी सांगितली तरी. सूर्य मावळला म्हणजे लगेच मोकळं असंही नाही, संधिप्रकाशात आकाशातून थोडं यूव्ही येत असतं म्हणून मीटर शून्यावर जाऊन तिथे थांबेपर्यंत हूड निघत नाही. उजाडताना उलटं, तांबडं फुटायच्या आत नाही तर त्याच्याही एक तास आधी आपण गाडीत पाहिजे, आणि मध्ये काही झालं, पाय मुरगळला, वाट चुकली, तर म्हणून हूड आणि मोजे कायम सॅकमध्ये वरच. एकदाच ते वापरावे लागलेत, पावसामुळे ओढा पार करायला थांबलो होतो तेव्हा. त्या दिवशी मी अर्धी वाट तिच्याकडे न बघता पूर्वेकडेच बघत चालले.

उंचीचंही लक्षात ठेवावं लागतं, दर १००० मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं, आणि बर्फ असेल तर ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकलं जातं, म्हणून उंचावरचे कार्यक्रम आम्ही भर रात्रीचेच ठेवतो. चांदण्याचं मात्र भय नाही. लोक हमखास विचारतात, चंद्राचा प्रकाशही सूर्याचाच ना? हो, पण पौर्णिमेच्या चांदण्याहून ऊन सुमारे ४ लाख पटीने जास्त प्रखर असतं. फ्रान्समध्ये एक्सपीच्या मुलांना चंद्राची मुलं म्हणतात. छोटीला हे सांगितलं तर तिला पटलं नाही, म्हणाली मी आईची आहे.

रात्रीचं रान दिवसाच्या रानापेक्षा मला आता जास्त कळतं. पहिली २०-३० मिनिटं टॉर्च लावायचाच नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, नकाशा बघायचा तर लाल दिवा. मग तारे इतके दिसायला लागतात की ओळखीची नक्षत्रं शोधायला अवघड जातं. दादाला देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी सापडते, त्याने ती तिला शिकवली, सरळ तिच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं मग तो धूसर ठिपका उठून दिसतो. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेचे आणि डिसेंबरमध्ये १३-१४ चे उल्कावर्षाव आमच्या घरी सणासारखे असतात, शाळेला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ म्हणून आधीच चिठ्ठी.

पण छोटीचं लक्ष वर कमी, खाली जास्त. तिला कोळी आवडतात. कपाळावर टॉर्च लावून समोरच्या गवतावर नजर टाकली की हिरवट पांढरे बारीक ठिणगीसारखे ठिपके चमकतात, दव वाटतं पण दव नाही, ते कोळ्यांचे डोळे असतात. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर असला तरच दिसतात, हातात धरून खाली केला की गायब. ती एक ठिपका धरून त्याच्याकडे हळूहळू चालत जाते, मध्ये पापणीसुद्धा हलवत नाही, आणि जवळ जाऊन उकिडवी बसते. एकदा एक ठिपका मोठा आणि त्याच्या मागे नुसती चमचम, जणू कुणी चमकी सांडली. जवळ गेलो तर कोळ्याची मादी, पाठीवर शंभरेक पिल्लं घेऊन बसलेली, प्रत्येकाचे डोळे चमकत होते. छोटी इतक्या हळू आवाजात बोलली की मला वाकावं लागलं. म्हणाली, हिला सॅक नाही लागत.

आता एक काळजीची गोष्ट, जी रात्री फिरणाऱ्या प्रत्येक एक्सपीच्या घराला माहीत असावी. गेल्या वर्षी आम्ही एका निसर्गप्रेमी ग्रुपबरोबर गेलो होतो, चांगली माणसं होती, त्यांना आजाराबद्दल सांगितलेलं होतं. एका खडकापाशी त्यांच्यातल्या एकाने मुलांना गोळा केलं आणि म्हणाला आता जादू बघा, आणि खिशातून जांभळा टॉर्च काढला. विंचू यूव्हीखाली हिरवेगार चमकतात, बघण्यासारखं असतं हे खरंच. पण तो यूव्ही टॉर्च आणि माझी पोर, चेहरा उघडा, सगळ्यात पुढे उभी. मी ओरडले, नवऱ्याने तिला उचलून मागे फिरवलं, तो बिचारा टॉर्च हातातून टाकूनच बसला. काही झालं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं की रात्रीसुद्धा ऊन खिशात घालून आणता येतं. पतंग बघायला पांढरा पडदा लावून जे पाऱ्याच्या वाफेचे दिवे लावतात त्यांचंही तेच, त्यातूनही यूव्ही निघतं, पतंग येतात ते मुख्यतः त्यालाच. आम्ही घरचा एलईडी लावतो, पतंग कमी येतात पण येतात, आणि ती पडद्याला नाक लावून बघू शकते. तर ग्रुपबरोबर जाणार असाल तर नुसतं आजाराचं नाव सांगू नका, कुणाच्या सॅकमध्ये कुठला दिवा आहे ते निघायच्या आधी एकेक करून विचारा आणि मीटरसमोर धरून बघा. कुणाला राग आला तर येऊ दे. शेकोटीभोवती कुणी सिगरेट ओढत असेल तर त्यालाही लांब जायला सांगते, तंबाखूच्या धुरामुळे डीएनएचं जे नुकसान होतं तेही दुरुस्त करणारी हीच यंत्रणा.

दादाबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्याने एका रात्री, गाडीत बसायच्या वेळी, बूट काढून फेकले आणि म्हणाला मला नाही यायचं, मला उन्हात खेळायचंय, माझ्या सगळ्या सुट्ट्या अंधारातच जातात. छोटी ऐकत होती. मला त्याला रागवायचं होतं आणि रागवता आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. ज्या घरात एका मुलाला जपायचं असतं तिथे दुसऱ्याने समजूतदार व्हायचं असतं असं आपण धरूनच चालतो, आणि ते त्याला कुणी विचारलेलं नसतं. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार पूर्ण त्याचा. आम्ही दोघांपैकी एक त्याच्याबरोबर, पोहणं, सायकल, डोंगर, काय हवं ते, भर दुपारी. छोटी त्या दिवशी दुसऱ्याबरोबर घरी. पहिल्या रविवारी ती रडली. दुसऱ्या वेळी तिने त्याला यादी दिली, येताना काय काय आणायचं, एक पीस, एक चपटा दगड, आणि दुपारी जे पक्षी दिसतात त्यांचे फोटो. तो आणतो. आणि रात्रीच्या ट्रेकला आता तो स्वतःहून येतो, सगळ्या नाही, पण येतो, आणि मीटर त्याच्याकडे असतो.

एक गोष्ट मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितली आहे. एक्सपीचे ए ते जी असे ७ गट आहेत आणि एक वेगळा प्रकार, आणि साधारण चारातल्या एका रुग्णात पुढे मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. छोटीचा गट त्या बाजूचा आहे. होईलच असं नाही, पण होऊ शकतं, आणि अनेकदा पहिलं जातं ते ऐकणं, तेही आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज. म्हणून दरवर्षी कानांची तपासणी असते. यूव्हीपासून तिला वाचवायला फिल्म आहे, मीटर आहे, रात्र आहे. याच्यापासून वाचवायला माझ्याकडे काहीच नाही.

तर आमचा एक खेळ आहे. वाटेत कुठेतरी मध्येच थांबायचं, टॉर्च बंद, एक मिनिट कुणी हलायचं नाही, आणि ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजाला एक बोट उघडायचं. पानांचा, पाण्याचा, लांबच्या कुत्र्याचा, घुबडाचा. मग प्रत्येकाने आपापली बोटं दाखवून आवाज सांगायचे. मुलांना वाटतं हा खेळ आहे, आणि आहेच. पण मी तिची बोटं मोजते. रातकिडे आले का, कुठला आला, डावीकडचा आला का. घरी येऊन वहीत वाटेच्या नोंदींखाली मी आकडे लिहून ठेवते, तारखेसकट. तपासणी वर्षातून एकदा, ही महिन्यातून तीन-चार वेळा.

मागच्या शनिवारी अमावास्या होती. ओढ्याच्या वरच्या बाजूला जिथे वाट वळते तिथे थांबलो. माझी सहा बोटं, नवऱ्याची पाच. दादाची सात आणि छोटीचीही सात. मी म्हटलं सातवा कुठला? दोघं एकदम म्हणाले, तो नाही का, एकदम बारीक, सुईसारखा, झुडपातून येतोय. मी परत ऐकलं. काहीच नाही. नवऱ्यानेही मान हलवली, त्यालाही नाही. वयाप्रमाणे मोठ्यांचे ते वरचे आवाज जातात, कुठला तरी नाकतोड्यासारखा किडा असणार ज्याचा सूर आमच्या कानांच्या वर होता. छोटीला खरंच वाटेना. तिने माझा हात धरून मला झुडपाच्या अगदी जवळ नेलं, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून कान त्या बाजूला फिरवला आणि विचारलं, आता? मी म्हटलं नाही ग, नाही येत. आता? नाही. ती मग मला समजावून सांगायला लागली, आई तो असा आहे, आणि जीभ दातांना लावून तो आवाज काढून दाखवला, दादा म्हणाला हो अगदी तसाच, अजून थोडा वर, आणि दोघं कितीतरी वेळ त्या अंधारात उभे राहून मला तो किडा ऐकवत होते.